चाकणची गाडी, मेक्सिकोचा मका आणि मामाचा प्रश्न

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात चांगलंच वाजलं. हिंजवडीत आयटीत असलेला माझा आत्येभाऊ म्हणत होता की ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार झाला, युरोपशी जमलं, आता अमेरिकेशीही करून टाका, किती दिवस दारं लावून बसायचं, आणि खेड तालुक्यात नऊ गायी आणि चार एकर मका असलेला माझा मामा म्हणत होता की तिकडचा मका आणि दूध इकडं आलं की आम्ही गोठ्याला कुलूप लावायचं का. मग दोघंही माझ्याकडं वळले. तू मेक्सिकोत राहतेस ना, त्यांनी हेच केलं तीस वर्षांपूर्वी, मग सांग त्यांचं काय झालं.

मी केरेतारोत आठ वर्षं आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला. मूळची भोसरीची, वडिलांचं एमआयडीसीत दोन लेथ आणि एका मिलिंगचं वर्कशॉप होतं. उत्तर व्हॉइस नोटमध्ये मावेना म्हणून लिहायला बसले.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक तोर्तियेरिया आहे, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचं दुकान. सकाळपासून रांग लागते, बायका घरून भरतकाम केलेलं फडकं आणतात आणि त्यात गरम तोर्तियांची चळत बांधून नेतात, अगदी आपल्याकडं भाकरी बांधतात तशी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची, धुवायचा आणि ओलाच दळायचा. पहिल्या वर्षी त्या वासानं मला घरची ज्वारीची भाकरी आठवून रडू यायचं. दुकान चालवणारी बाई साठीची आहे, ग्वानाह्वातोकडच्या खेड्यातली. वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन होती, त्यात मका, मक्यावर चढलेला घेवडा आणि खाली भोपळा. नव्वदच्या दशकात तिचे तिन्ही भाऊ एकापाठोपाठ एक टेक्सासला गेले, परत कुणीच आलं नाही. ती म्हणते मक्याचा भाव असा पडला की पेरलेलं सुद्धा निघेना.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. त्याच दिवशी दक्षिणेकडच्या चियापासमध्ये आदिवासी शेतकऱ्यांनी झापातिस्ता नावाच्या संघटनेच्या झेंड्याखाली बंड केलं, इतकी धास्ती होती लोकांना.

आता हे ऐकून मामा म्हणेल, बघ मी म्हणत होतो. पण मामा, पुढचं नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं इथंच आहे. करारात मक्याला संरक्षण होतं! ठराविक कोट्यापर्यंत अमेरिकेचा मका बिनजकात यायचा, त्याच्या वर आला तर भरपूर जकात, आणि ती जकात हळूहळू कमी करत शून्यावर आणायची ती १४ वर्षांनी, २००८ मध्ये. तेवढ्या काळात शेतकऱ्यानं दुसरं पीक बघावं, पाणी आणावं, सरकारनं मदत करावी असा हिशोब होता. झालं काय, तर महागाई वाढायला नको आणि कोंबड्या-डुकरांचं खाद्य स्वस्त मिळावं म्हणून मेक्सिकोच्याच सरकारनं कोट्याच्या वरचा मका जकात न घेता आत येऊ दिला. म्हणजे १४ वर्षांची ढाल कागदावर राहिली आणि पहिल्या काही वर्षांतच कोरडवाहू शेतकरी अमेरिकेच्या अनुदानावर पिकलेल्या मक्यासमोर उघडा पडला. हेक्टरी पैसे देणारी प्रोकाम्पो नावाची योजना होती, पण पैसे हातात पडून विहीर होत नाही की बाजार मिळत नाही. सिनालोआतले पाटपाण्याखालचे मोठे शेतकरी टिकले, उलट वाढले. डोंगरातले गेले. डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला, त्याचाही यात मोठा हात आहे, सगळं खापर करारावर फोडणं बरोबर नाही.

आणि शेतकरी मेला तरी खाणाऱ्याला स्वस्त मिळालं म्हणावं तर तेही नाही. तोर्तियावरचं सरकारी अनुदान १९९९ पर्यंत बंद झालं, आणि २००७ च्या जानेवारीत भाव असे भडकले की राजधानीत मोर्चे निघाले. तेव्हा अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल करायची लाट आली होती, तिकडं मका महागला आणि झळ इथल्या ताटाला लागली.

आता आत्येभावाची बाजू, कारण तीही खरी आहे आणि मी स्वतः त्याच्यावरच जगते. केरेतारोत जो कारखान्यांचा पट्टा उभा राहिला तो या करारामुळे वाढला. इथली इंजिनिअर झालेली पोरं, माझ्या टीममधल्या मुली, ज्यांच्या आया शेतमजूर होत्या, त्यांना विचारलं की नाफ्टा नको होता का, तर त्या माझ्याकडं बघतच राहतात. पण पगाराचं बघा. २०१८ मध्ये इथलं किमान वेतन दिवसाला ८८ पेसो होतं, २०२५ मध्ये ते २७८ पेसोंच्या वर गेलं. म्हणजे जवळजवळ पाव शतक कारखाने वाढत होते आणि मजुरी तिथंच. वाढली ती माजी राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या सरकारनं कायद्यानं वाढवली म्हणून, आणि जुलै २०२० पासून नाफ्टाच्या जागी जो नवा करार आला, इथं त्याला ते-मेक म्हणतात, त्यात कामगारांनी गुप्त मतदानानं युनियन निवडायची अट घातली म्हणून. सिलाओच्या जनरल मोटर्समध्ये २०२१ ला कामगारांनी मालकाच्या बाजूची जुनी युनियन मतदानानं हाकलली आणि पुढच्या वर्षी स्वतःची निवडून आणली. करारात एक कलम नीट लिहिलं आणि त्याच्यामागं कुणीतरी उभं राहिलं की काय होतं ते मी इथं डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी गोष्ट माझ्या टेबलावरची. नव्या करारात गाडीला जकातमाफी हवी तर तिची ७५ टक्के किंमत या तीन देशांतच तयार झालेली पाहिजे, स्टील आणि अॅल्युमिनियमची ७० टक्के खरेदीसुद्धा इथलीच. त्यामुळं प्रत्येक पार्टमागं कुठला माल, किती टक्के, याचा तक्ता भरावा लागतो. आमच्या एका असेंब्लीत बुश नावाचा एक छोटा भाग भोसरीहून यायचा, वडिलांच्या वर्कशॉपपासून दोन गल्ल्या पलीकडं बनणारा, चार वर्षांत एकदाही रिजेक्ट झाला नव्हता. टक्केवारी बसेना म्हणून तो बदलून मेक्सिकोतल्याच मॉन्तेरे शहरातला घ्यायचा निर्णय झाला आणि त्या कागदावर सही माझी होती. मॉन्तेरेचा महाग होता आणि पहिल्या लॉटला बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, साइझही चुकला. त्या दिवशी कळलं की याला मुक्त व्यापार म्हणणं अर्धवट आहे, हे कुंपण आहे, आतल्यांना मोकळं आणि बाहेरच्यांना बंद.

बाहेर राहण्याची किंमत आता चाकणलाही कळतेय. केरेतारोच्या रस्त्यावर फोक्सवॅगन व्हेंटो जागोजागी दिसते, टॅक्सी म्हणून तर फारच, आणि ती आपल्या चाकणच्या प्लांटमधून बोटीनं आलेली. नंतर व्हर्टुसही तिथूनच आली. मी आल्याआल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचे, ही गाडी माझ्या मामाच्या शेतापासून वीस मिनिटांवर बनते. डिसेंबर २०२५ मध्ये मेक्सिकोच्या संसदेनं ज्या देशांशी करार नाही त्यांच्या मालावर जकात वाढवली, भारत आणि चीन दोन्ही त्यात आले, गाड्यांवरची २० टक्क्यांवरून ५० वर गेली, जानेवारी २०२६ पासून लागू. मामाच्या गावातली निम्मी पोरं चाकणला कामाला जातात. करार नकोच म्हणणाऱ्यानं त्या पोरांना काय सांगायचं?

पाण्याबद्दल मात्र दोन्हीकडं कुणीच बोलत नाही याचा मला त्रास होतो. ग्वादालाहाराजवळ हुआनाकात्लानला सान्तियागो नदीचा रुंद धबधबा आहे, जुन्या पोस्टकार्डांवर त्याला मेक्सिकोचा नायगारा म्हणायचे. मी बघायला गेले तर पाण्यावर पांढऱ्या फेसाचे ढीग, वाऱ्यानं तो फेस उडून काठच्या घरांच्या भिंतींना चिकटलेला, आणि घशात आग होणारा वास. वरच्या अंगाला कारखान्यांचा पट्टा आणि शहराचं सांडपाणी. मी तिथं उभी राहून आळंदीच्या घाटाचा विचार करत होते, कार्तिकीला इंद्रायणीवर असाच फेस आणि त्यातच स्नान करणारे वारकरी. नाफ्टासोबत पर्यावरणाचा वेगळा जोडकरार होता, मॉन्त्रियालला त्याचा आयोग बसवला, नागरिकांनी तक्रार केली की आयोग चौकशी करून अहवाल काढायचा. अहवालच फक्त, त्यानं कुणाला दंड होत नव्हता.

कंपन्यांना मात्र दात असलेलं कलम मिळालं, सरकारला थेट लवादात खेचायचं. सान लुईस पोतोसी राज्यातल्या ग्वादालकासार नगरपालिकेनं एका अमेरिकन कंपनीला घातक कचऱ्याच्या डेपोचा परवाना नाकारला, तर कंपनी लवादात गेली आणि २००० साली मेक्सिकोला दीड कोटी डॉलरच्या वर भरपाईचा हुकूम झाला. उरुळी देवाची-फुरसुंगीची माणसं कचरा डेपोविरुद्ध किती वर्षं रस्त्यावर उतरली ते आपण पुण्यात बघितलंय. उद्या तसला डेपो परदेशी कंपनीचा असला तर ग्रामसभेच्या ठरावाचं काय होणार, हे करार करायच्या आधी विचारायला हवं.

माझ्या आजोबांच्या पिढीतले चाकणचे शेतकरी शरद जोशींच्या मागं होते, आणि जोशी तर खुल्या बाजाराच्या बाजूनं उभे राहिले होते, जागतिक व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाला सगळे शिव्या देत होते तेव्हासुद्धा. त्यांचा राग सरकार शेतमालाचे भाव पाडतं यावर होता. तो राग अजून लागू आहे. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद ठेवली, तेव्हा कुठल्या परदेशी करारानं नाही, आपल्याच सरकारनं शहरातल्या भावासाठी शेतकऱ्याला अडवलं. म्हणून मला भीती अमेरिकेच्या मक्याची आहेच, पण त्याहून जास्त भीती ही की निवडणुकीआधी भाव चढले की दिल्लीत कुणीतरी कोट्याच्या वरचा मकासुद्धा गुपचूप आत घेईल, मेक्सिकोनं घेतला तसाच. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण बँकॉकला आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडलो, दूधवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला, ठीक झालं. पण मधल्या वर्षांत गोठ्याचा खर्च खाली यावा म्हणून काय केलं? मामाच्या मुरघासाचा आणि सरकी पेंडेचा खर्च तर वाढलाच.

बियाण्याचंही तसंच. अमेरिकेचा बहुतेक मका जीएम, म्हणजे जनुक बदललेला आहे, आपल्याकडं तसल्या बियाण्याच्या लागवडीला परवानगी फक्त कापसाला. मेक्सिकोनं तोर्तियात जीएम मका नको म्हणून हुकूम काढला, तर डिसेंबर २०२४ मध्ये कराराच्याच पंचांनी तो चुकीचा ठरवला. मग २०२५ मध्ये त्यांनी निदान लागवड तरी होऊ नये म्हणून घटनेत बंदी घातली, कारण मक्याची जात मुळात जन्मली ती याच मातीत. आपण ज्वारी-बाजरीसाठी एवढं करू का, मला माहीत नाही.

रविवारी मामाचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा गाय हंबरली म्हणून उठून गेला, परत आला. म्हणाला, "तुझं ते कोट्याचं कळलं. पण जकात कोण मोजतंय ते आम्हाला कसं कळणार?" मी म्हटलं दर महिन्याला बंदरावर किती मका आला आणि त्यावर किती जकात घेतली हे जाहीर करायची अट करारासोबतच कायद्यात घालायला लावा, कोटा मोडला तर आयात आपोआप थांबली पाहिजे, मंत्र्याच्या मर्जीवर नको, आणि संरक्षणाची वर्षं किती, त्या वर्षांत खेड तालुक्याला काय मिळणार, तेही सहीच्या आधी लेखी मागा. इथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीत आले ते जानेवारी २००८ मध्ये, शेवटची जकात उठल्यावर, तोवर १४ वर्षं गेली होती.

त्यांच्या दूध संस्थेची सभा पुढच्या महिन्यात आहे. मामा म्हणाला, हे एका पानात लिहून दे, मोठ्या अक्षरात, चेअरमनला चष्मा लागतो.