मामाने न केलेली सही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मामाच्या घरावरच्या माझ्या लेखाला तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. दोन दिवस ती डोक्यात होती, म्हणून खाली दोन ओळी खरडण्याऐवजी वेगळं उत्तर लिहिते आहे.

लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. 2010 साली माझा मामेभाऊ, दादा, झवेरी बाजारातल्या एका पेढीत कामाला होता. तिथलं सोन्याचं एक पार्सल गेलं आणि संशय त्याच्यावर आला. पेढीतून फोन आला त्याच रात्री मामी त्याला घेऊन कोकणात माहेरी निघाली. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः पोलिसांकडे गेला आणि पोरगा कुठे आहे ते सांगून आला. अटक झाली, सहा वर्षं केस चालली, 2016 मध्ये दादा सुटला. लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत तो परत राहायला गेला नाही. बापलेक आजही बोलत नाहीत.

तुमचं म्हणणं असं : आग असल्याशिवाय धूर निघत नाही. त्याने पोलिसांपुढे कबुली दिली होती. कोर्टाने संशयाचा फायदा दिला म्हणजे तो निर्दोष ठरला असं नाही. मामाने केलं ते प्रत्येक बापाने करावं, आणि मामीसारख्या आयांमुळेच मुलं वाया जातात. शिवाय ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल लेखात एक ओळसुद्धा नाही.

शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात. दादाला त्या पेढीत चिकटवलं ते तिथल्या मुनीमजींनी. ‘पोरगा चांगल्या घरातला आहे, बाप कंडक्टर आहे, पैशाला चोख आहे,’ हा शब्द त्यांनी मालकाला दिला होता. पार्सल गेल्यावर दोन दिवस त्यांनाही पोलिसांनी बसवून ठेवलं. आयुष्यभर ज्या गादीवर बसले ती सोडून ते काही महिन्यांत गावी गेले. दिवाळीला त्यांच्याकडून आमच्याकडे सुक्या मेव्याचा डबा यायचा. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मी लिहिलं नाही, कारण मुनीमजी लेखात आले असते तर मामीची बाजू मांडणं मला जड गेलं असतं. हे चुकलंच.

आता कबुली. दादा कोठडीत होता त्या आठवड्यात एका सांजदैनिकात ‘गुन्ह्याची कबुली’ असं छापून आलं आणि चाळीत ते पान हातोहात फिरलं. गणपती मंडळाच्या फळ्यावरून त्याचं नाव पुसलं गेलं ते त्याच दिवशी. पण पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 25 होतं ते. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ते कलम 23 म्हणून कायम आहे. कोठडीत माणसाकडून काय काय वदवून घेता येतं हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या काळापासून हा नियम आहे. मंडळाच्या फळ्याला मात्र असला नियम नव्हता.

संशयाचा फायदा. खरं सांगू? दादाने ते पार्सल घेतलं की नाही, मला माहीत नाही. तिजोरीच्या किल्ल्या तिघांकडे असायच्या, सोनं कधीच सापडलं नाही, आणि सरकारी बाजूचा एक पंच फितूर झाला. निकालाची प्रत मी दोनदा वाचली आहे. त्यातून ‘याने केलं’ असं सिद्ध होत नाही, एवढंच कळतं. याहून जास्त कुठल्याही कोर्टाला सांगता आलं नसतं. पण तुमच्या प्रतिक्रियेत आणि आमच्या नातेवाइकांत मला एक साम्य दिसतं. कोर्टाला जे ठरवायला सहा वर्षं लागली ते घरातल्यांनी पहिल्या आठवड्यात ठरवून टाकावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. जो तो विचारायचा, ‘तुला काय वाटतं, केलं असेल त्याने?’ आणि आम्ही उत्तरं देत गेलो. घर मोडलं ते या उत्तरांनी.

मामा पोलिसांकडे गेला हे चुकीचं होतं असं मी लिहिलेलं नाही, आजही म्हणणार नाही. उलट कायद्याने मामीच अडचणीत आली असती. गुन्हेगाराला आसरा देणाऱ्याला दंड संहितेच्या कलम 212 मध्ये शिक्षा होती, आणि त्यातून सूट होती फक्त नवऱ्याला किंवा बायकोला. आईला नाही, बापाला नाही. नव्या न्याय संहितेतही ती तशीच आहे. आणि मामा कोण होता तेही मी जाणते. बेस्टमध्ये कंडक्टर, रोज संध्याकाळी डेपोत भरणा करताना पैसा न् पैसा जुळवणारा, कमी पडले तर मुकाट्याने खिशातून घालणारा. घरातल्या पोरावर सोनं लांबवल्याचा आळ आला तेव्हा त्याचं सगळं आयुष्यच कुणीतरी मोजायला घेतल्यासारखं त्याला झालं.

माझं दुखणं त्याच्या पुढचं आहे.

दादाला गावाहून आणलं त्या रात्री पोलीस घरझडतीला चाळीत आले. मामी अजून कोकणातच होती. झडतीत काही मिळालं नाही. मग हवालदाराने अटकेचा कागद काढून मामापुढे धरला. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1996 साली घालून दिलेला दंडक आहे हा : अटक करताना पंचनामा करायचा आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. माणूस कुठल्या वेळी, कुठून नेला, याची कुणा आपल्याला खबर असावी, तो आत हरवू नये, एवढ्यासाठी ती सही. गुन्हा कबूल आहे असा तिचा अर्थ होत नाही. मामा गॅलरीत सगळ्या बिऱ्हाडांसमोर म्हणाला, ‘मला मुलगा नाही,’ आणि जिना उतरून निघून गेला. दादा बेड्या घालून तिथेच उभा होता.

नंतर जामिनाच्या वेळीही तेच. खालच्या कोर्टाने नाकारला, सेशन्सने अडीच महिन्यांनी दिला, पण जामीनदार हवा. मामाची पगाराची स्लिप, रेशनकार्ड सगळं घरात होतं. तो तयार झाला नाही. शेवटी माझे बाबा उभे राहिले. त्या वर्षीपासून मामा भाऊबीजेला आमच्याकडे आलेला नाही. आई अजूनही ओवाळणीचं ताट तयार करते आणि चंद्राला ओवाळते. ताईचं ठरलेलं लग्नही त्याच वर्षी मोडलं. त्यावर ती बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

मामीने वकिलाच्या फीसाठी व्याजाने पैसे काढले. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, हे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. तिला ते कुणी सांगितलं नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणावर वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. देशातल्या तुरुंगांत दर चारांपैकी साधारण तिघं कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचाय असे. त्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी असे पैसे गोळा करतं आहे.

तुम्ही मामीला आंधळी आई म्हणालात. मीही तिला एकदा विचारलं होतं, तुला काय वाटतं, त्याने केलं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘मी त्याला कधी विचारलंच नाही. तो हो म्हणाला असता तरी मंगळवारी मुलाकातीला जायचंच होतं ना.’ लालबागहून आर्थर रोड जेल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ती दर आठवड्याला चालत जायची, आणि मामाची ड्युटी सातरस्त्यावरून जाणाऱ्या बसवर लागली तेव्हा त्याने डेपोत विनंती करून ती बदलून घेतली. एकाच घरातली दोन माणसं. यात आंधळं कोण, हे ठरवायची माझी हिंमत नाही.

गेल्या रविवारी मी मामाकडे गेले होते आणि तुमची प्रतिक्रिया त्याला वाचून दाखवली. तुम्ही त्याची स्तुती केली आहे, त्याला बरं वाटेल असं वाटलं होतं. तो डोळे मिटून ऐकत होता. मी सहीचा विषय काढला, तर म्हणाला, ‘मग सही केली कोणी?’

त्याला माहीतच नव्हतं. मी वकिलाच्या फाईलमध्ये तो कागद पाहिलेला होता, म्हणून मला ठाऊक. आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याला वर बोलावून त्याची सही घेतली होती.

मामा बराच वेळ खिडकीतून खाली पाहत राहिला. टपरी आता तिथे नाही, पानवाला तीन वर्षांपूर्वी वारला. ‘रोज तंबाखू घ्यायचो त्याच्याकडे,’ मामा म्हणाला. ‘कधी बोलला नाही.’