‘मोठं मूळ मुद्दाम ठेवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर काल रात्री वाचला. माणसं दोन तास उशिरा आली, दोन पेव्हर ब्लॉक फुटले, मुरमाचा ढीग फाटकाबाहेर चार दिवस पडून राहिला, आणि अंगणातल्या गुलमोहराच्या मुळांच्या कामाला साडेसात हजार देऊनही आठ महिन्यांत मुळानं फरशी पुन्हा उचलली, असं आपण लिहिलंय. ढीग आणि ब्लॉक ही आमची चूक. मनापासून माफी मागतो. उशीरही आमचाच. टेम्पो वाटेत बंद पडला होता, पण निदान फोन करायला हवा होता.

मात्र आपली शेवटची ओळ, ‘मोठं मूळ मुद्दाम ठेवलं, म्हणजे परत बोलवावं लागेल’, ती मला सहन झाली नाही. माझे वडील सायकलवर कात्री-खुरपं घेऊन बंगल्यांमध्ये माळीकाम करायचे, तेव्हापासूनचा हा धंदा आहे. आम्ही जाहिरात करत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात नाव जातं, त्यावर आज सहा कुटुंबं जेवतात. म्हणून त्या एका मुळाबद्दल जरा सविस्तर लिहितो, रागावू नका.

आपल्या गुलमोहराला छातीच्या उंचीवर टेप लावली तेव्हा घेर पाच फूट भरला. म्हणजे खोडाची जाडी साधारण एकोणीस इंच. जाड मूळ कापायचं तर खोडापासून निदान या जाडीच्या तिप्पट अंतर सोडावं लागतं, पाचपट सोडलं तर उत्तम. आपल्या झाडाला तिप्पट म्हणजे पावणेपाच फूट. आपण बोट ठेवलंत ती जागा खोडापासून दोन फुटांवर होती आणि मूळ मांडीएवढं जाड. पाणी शोषणारी बारीक मुळं लांब टोकाला असतात. खोडाजवळचं असं मूळ झाडाला उभं धरतं.

त्यात ते मूळ कुठल्या बाजूला आहे ते बघा. फाटकाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडूनच येतो. तंबूचा दोर ताणलेला असतो तसं ते मूळ झाडाला मागे ओढून धरतं. ते तोडलं आणि झाड गेलं, तर पूर्वेला जाईल. पूर्वेला आपल्या आईंची खोली आहे. त्या दिवशी त्या खिडकीत बसून आमचं काम बघत होत्या, माझ्या माणसांना पाणीही त्यांनीच विचारलं. गुलमोहराची मुळं मुळातच उथळ पसरतात. पुण्यात वळवाच्या पावसात आडवी झालेली किती झाडं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

शिवाय घराच्या बाजूची तीन मुळं आम्ही त्याच दिवशी कापली होती. मनगटाएवढी होती आणि खोडापासून आठ फुटांवर, म्हणून कापता आली. एका बाजूला कापल्यावर त्याच हंगामात दुसऱ्या बाजूला हात लावायचा नसतो. तिथे जोत्याला समांतर चौदा फूट लांब, अडीच फूट खोल चर खणून जाड प्लास्टिकचा पत्रा उभा पुरला. हे सगळं पहार-कुदळीनं, तीन माणसांनी दोन दिवसांत केलं. जेसीबी आणला असता तर तासाभरात झालं असतं, पण त्याचा दात मूळ कापत नाही, फाडतो, आणि फाटलेलं मूळ आत खोडापर्यंत कुजत जातं. ‘नुसता खड्डा खणायचे साडेसात हजार’ असं आपण म्हणता, तो खड्डा हा. जोत्याकडे त्यानंतर एकही मूळ आलेलं नाही, ते आपल्याच फोटोत दिसतंय.

फरशी उचलली ती फाटकाकडे, मोठ्या मुळावर. तिथले ब्लॉक काढून आम्ही तीन फुटांचं आळं मोकळं सोडलं होतं, वर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरला होता. दिवाळीत आपण ते बुजवून काँक्रीट केलंत आणि वर पुन्हा ब्लॉक बसवलेत. घर आपलं आहे, मी कोण बोलणार. पण मूळ दर वर्षी जाड होतच राहतं, आणि जमीन ठोकून घट्ट केली की हवेसाठी ते आणखी वरच येतं. त्यावर सिमेंट टिकत नाही.

आणखी एक लिहू की नको असं झालं होतं. ‘रात्री येऊन तोडून टाका, कोण बघतंय’ असं आपण आमच्या मुकादमाला म्हणाला होतात. आपण त्राग्यानं म्हणाला असाल. पण १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलं जातं. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी नसताना ते मूळ तोडलं असतं, तर उद्या आपणही अडकला असता आणि आम्हीही.

आमचं चुकलं ते असं, की कुठलं मूळ कापणार आणि कुठलं नाही हे मी फक्त आपल्या चिरंजीवांना तोंडी सांगितलं. कागदावर द्यायला हवं होतं. आणि मेच्या शेवटी हे काम हातात घ्यायलाच नको होतं. पावसाळा संपल्यावर करू म्हणालो होतो, पण आपल्याला घाई होती आणि मला नाही म्हणवलं नाही. यापुढे लेखी देऊ, वेळेचंही बघतो.

येत्या रविवारी दोन ब्लॉक घेऊन मी स्वतः येतो. आपली हरकत नसेल तर मुळावरचं काँक्रीट फोडून आळं पुन्हा मोकळं करून देतो, त्याचे पैसे नकोत. मूळ मात्र मी कापणार नाही.