दिवाळीची ओळखच कामी येते
न्यूझीलंड पोलिसांचे वांशिक समुदायांसाठीचे संपर्क अधिकारी ‘दिवाळीला मिरवायला येतात, त्यांना गस्तीवर पाठवा’, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. ऑकलंडमध्ये आमच्या कोपऱ्यावरची डेअरी (इथलं किराणा दुकान) फुटली, तेव्हा दुकानवाले काका १०५ ला (तातडीच्या नसलेल्या तक्रारींसाठीचा पोलिसांचा नंबर) फोन करायलाच तयार नव्हते. “कशाला, विम्याचा हप्ता वाढेल!” शेवटी दिवाळीत भेटलेल्या अधिकाऱ्यालाच फोन लावला. तो गल्ल्यापाशी उभा राहून कॅमेऱ्याचं फुटेज कसं द्यायचं ते हिंदीत समजावत होता. गस्तीच्या गाडीतून हे होत नाही.

बोलायचंच तर बदल्यांवर बोला. त्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि सगळ्या ओळखी त्याच्याबरोबर गेल्या. नव्या माणसाला निदान महिनाभर जुन्यासोबत दुकानोदुकानी फिरवायला काय हरकत आहे?