फोटो अंधाराचा नसतोच

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपांवर एकच फॉरवर्ड आला: ‘डार्क मॅटर हे थोतांड. दिसतच नाही, तर युक्लिड दुर्बीण फोटो कसले काढते? गुरुत्वाकर्षणाचा नियम चुकलाय, ते झाकायला हा खटाटोप. जेम्स वेबने तर ते खोटंच पाडलं. डार्क एनर्जीही तीच भानगड.’

डार्क मॅटर म्हणजे न दिसणारं, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं वस्तुमान. फोटो त्याचा नसतोच, पलीकडच्या दीर्घिकांचा असतो. चष्म्याची काच पेपरवर धरा. काच दिसली नाही तरी अक्षरं किती वाकली यावरून तिचा नंबर कळतो. एनजीसी ६५०५ ही दीर्घिका १८८४पासून माहीत होती. तिच्या गाभ्याभोवतीचं प्रकाशाचं कडं मात्र युक्लिडला दिसलं आणि फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर झालं. कडं तिच्या खूप मागच्या दीर्घिकेचं, गुरुत्वाकर्षणाने वाकलेलं. कड्याच्या आकारावरून आतलं वस्तुमान काढलं, ताऱ्यांचं वजा केलं, तेव्हा डार्क मॅटर उरलं सुमारे ११ टक्के. थोतांडच करायचं तर आकडा जरा मोठा नसता का निवडला?

नियमावर शंका घेणं गैर नाही. भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी १९८३मध्येच गुरुत्वाकर्षणाचा पर्यायी नियम मांडला आणि दीर्घिकांच्या फिरण्याला तो बऱ्यापैकी लागूही पडतो. (आपले नारळीकर तर महास्फोटाशीच आयुष्यभर भांडले, पण गणित मांडून.) घोडं अडतं ते बुलेट क्लस्टरपाशी. तिथे दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेले. त्यांच्यातला तप्त वायू एकमेकांवर आदळून मागे रेंगाळला. तो चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरण चित्रात दिसतो. दीर्घिका पुढे निघून गेल्या. वायूचं वजन ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे प्रकाश वायूपाशी सर्वाधिक वाकायला हवा. तो वाकतो दीर्घिकांपाशी! म्हणजे न दिसणारं वस्तुमान दीर्घिकांसोबत पुढे गेलं. नुसता नियम बदलून हे सुटत नाही.

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने डार्क मॅटर खोटं पाडलेलं नाही. तिला सापडल्या त्या अपेक्षेपेक्षा तेजस्वी आद्य दीर्घिका. प्रश्न त्या इतक्या लवकर कशा घडल्या, हा आहे. उलट २०२५मध्ये बुलेट क्लस्टरमधल्या वस्तुमानाचा नकाशा आणखी बारीक झाला तो वेबमुळेच.

डार्क एनर्जीची भानगड मात्र तीच नव्हे. डार्क मॅटर ओढतं. डार्क एनर्जी विश्वाच्या प्रसरणाला वेग देते. ती काळानुसार बदलत असावी, असे संकेत डेसी या जमिनीवरच्या प्रकल्पाने दिलेत. पक्कं काही नाही. युक्लिड सहा वर्षांत एक-तृतीयांश आकाश धुंडाळणार आहे, त्यात हेही ताडून बघता येईल.