0-5 पेक्षा 8-9 अधिक का सलते: एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय भाऊ,

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. नागपूरजवळच्या कामठीच्या मैदानांवर लहानाचे मोठे झालेल्या माणसाने एवढ्या तळमळीने लिहिले आहे, तेव्हा त्याचे उत्तरही सविस्तर द्यायला हवे. 29 मार्च 2025 रोजी बंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतर वरच्या संघांत होणाऱ्या बाद फेरीत, मुंबई सिटी एफसीचा बंगळुरू एफसीकडून 0-5 असा पराभव झाला. त्यानंतर मी लिहिले होते की, 12 मार्च 2023 रोजी त्याच मैदानावर, त्याच बंगळुरू एफसीकडून पेनल्टींवर 8-9 असा झालेला पराभव मला आजही याहून अधिक सलतो. त्यावर आपले म्हणणे असे की, पाच गोल खाल्ल्याची लाज वाटायला हवी तिथे मी जुनी जखम कुरवाळत बसलो आहे. प्ले-ऑफमधला पराभव अधिक सलतो हे माझे लिहिणे आपल्या मते रडीचा डाव आहे, कारण 2024 मध्ये त्याच पद्धतीने आमच्या संघाला कप (प्ले-ऑफ जिंकणाऱ्याचा करंडक) मिळाला तेव्हा मी गप्प होतो. माझ्यासारख्या नागपूरकराने मुंबईच्या संघासाठी शोक करणे म्हणजे, आपल्या मते, उसने दुःख आहे. आणि 2023 चा सामना मुंबईचा बचावपटू मेहताब सिंग याने घालवला हे मान्य करायला मी तयार नाही, असेही आपण लिहिले आहे.

आपला सर्वांत वजनदार मुद्दा 2024 चा आहे, म्हणून आधी तोच घेतो. 15 एप्रिल 2024 रोजी साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबईला शिल्डसाठी, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाच्या मानासाठी, केवळ बरोबरी पुरेशी होती, पण कोलकात्यात मोहन बागानने 2-1 ने जिंकून शिल्ड नेले. 4 मे रोजी त्याच साल्ट लेक स्टेडियमवर अंतिम सामन्यात मुंबईने मोहन बागानला 3-1 ने हरवून कप जिंकला. त्याआधी एफसी गोवाविरुद्ध, दोन सामन्यांचे गोल मिळून निकाल लागणाऱ्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, गोव्यातल्या फातोर्ड्याला, नव्वदावे मिनिट येईपर्यंत मुंबई 0-2 ने मागे होती आणि तिथून मुंबईच्या छांगटेचे दोन व विक्रम प्रताप सिंगचा एक अशा तीन गोलांनी तो सामना 3-2 असा फिरला. गोव्याच्या चाहत्यांचे त्या रात्री काय झाले असेल, हे 2023 सोसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणजे या पद्धतीने आम्हाला जेवढे रडवले तेवढेच दिलेही आहे, हे आपले म्हणणे खरे आहे आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे.

पण मी प्ले-ऑफला अन्याय म्हटले नव्हते. माझा मुद्दा वेगळा होता. साखळीत संघ हरला तर आठ-दहा दिवसांत पुढचा सामना येतो, चाहत्याचे मन त्या सामन्याकडे वळते, आणि पराभव गुणतालिकेच्या एका ओळीत विरून जातो. प्ले-ऑफमध्ये हरल्यावर पुढचा सामनाच नसतो. हंगाम तिथेच थांबतो, आणि महिनोन्‌महिने तीच शेवटची किक डोळ्यांसमोर राहते. हे दुःख पद्धतीच्या योग्यायोग्यतेवर अवलंबून नाही. नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतात, प्रतिस्पर्धी न्यायाने जिंकतो, आणि तरीही पराभूत संघाच्या चाहत्याला वाईट वाटायचे ते वाटतेच. वाईट वाटल्याचे सांगणे आणि निकालाविरुद्ध तक्रार करणे या दोन गोष्टी आपण एकच धरल्या आहेत, म्हणून हे जरा लांबवून लिहितो आहे.

2022-23 चा तो हंगाम आठवून पाहावा. वीस सामन्यांपैकी पहिल्या अठरा सामन्यांत मुंबई एकदाही हरली नव्हती. चौदा विजय, चार बरोबरी आणि 46 गुण. दोन सामने शिल्लक असतानाच शिल्ड निश्चित झाले होते. बंगळुरू 34 गुणांसह चौथ्या स्थानावर होती, म्हणजे दोन्ही संघांत बारा गुणांचे अंतर होते. हे अंतर उपांत्य फेरीत कामाचे नसते, आणि नसावेही. बंगळुरूचा संघ तेव्हा ओळीने सामने जिंकत आला होता आणि मुंबईची अपराजित घोडदौडही साखळीच्या अखेरीस त्याच संघाने रोखली होती. त्यामुळे जे झाले ते आभाळातून पडले असे मी म्हणणार नाही. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, अंधेरीत, राखीव म्हणून उतरलेल्या बंगळुरूच्या सुनील छेत्रीने 78 व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून 1-0 केले. घरच्या मैदानावरचा हा सामना मुंबईला खऱ्या अर्थाने महागात पडला, असे माझे मत आहे. पेनल्टींची पाळी मुळात त्यामुळे आली.

आता 0-5 विषयी. तो निकाल लाजिरवाणा होता याबद्दल दुमत नाही. त्याच महिन्यात त्याच मैदानावर बंगळुरूला 2-0 ने हरवून मुंबईने सहावे स्थान आणि प्ले-ऑफचे तिकीट मिळवले होते, त्यामुळे आशा वाटणे स्वाभाविक होते. पण चाळिशी ओलांडलेला छेत्री गोल करून जातो, पूर्वी आपल्याच संघाकडून खेळलेला पेरेरा दियाझही गोल करतो, आणि नव्वद मिनिटांत एकदाही सामना आपल्याकडे झुकल्यासारखे वाटत नाही, तेव्हा मनात ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न उरत नाही. राग येतो, दोन दिवस कोणाशी बोलावेसे वाटत नाही, आणि मग ते संपते. लाज लवकर उतरते, हुरहूर उतरत नाही. माझ्या लिहिण्याचा अर्थ एवढाच होता. आपला अनुभव वेगळा असू शकतो आणि तो मला समजून घ्यायला आवडेल.

नागपूर आणि मुंबईबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण हा मुद्दा मला फारसा पटलेला नाही. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भ मुंबईपुढे 538 धावांचा पाठलाग करत होता आणि अक्षय वाडकरचे शतक होऊनही 368 धावांवर थांबला, तेव्हा माझा जीव विदर्भासाठीच तुटत होता. एकाच माणसाची क्रिकेटमधली निष्ठा विदर्भाशी आणि फुटबॉलमधली मुंबई सिटीशी असू शकते; देशाच्या सर्वोच्च साखळीत नागपूरचा संघ असता तर प्रश्नच नव्हता. टीव्हीसमोर बसून कामठीच्या रब्बानी क्लबसारख्या जुन्या संघांकडे, किंवा विजय बारसे यांनी 2001 मध्ये याच शहरात झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेल्या स्लम सॉकरकडे पाठ फिरवू नये, हे आपले सांगणे मात्र मी मनावर घेतले आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहिणे हे मी आपले देणे लागतो.

राहता राहिला मेहताब. आपण लिहिले आहे की त्याने संघाचा घात केला. 12 मार्चच्या त्या सामन्याचा क्रम कृपया पुन्हा पाहावा. सुरुवातीलाच मुंबईच्या ग्रेग स्टीवर्टची पेनल्टी बंगळुरूचा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू याने अडवली. मग हावी एर्नांदेझने गोल करून बंगळुरूची एकूण आघाडी दोन गोलांची केली. मुंबईच्या बिपिन सिंगने ती कमी केली, आणि 66 व्या मिनिटाला ज्याच्या गोलाने दोन्ही सामन्यांची मिळून 2-2 अशी बरोबरी झाली तो खेळाडू मेहताबच होता. बचावपटू असूनही त्याने तो गोल केला नसता तर जादा वेळ नव्हता आणि पेनल्टींची पाळीही आली नसती. शूटआउटमध्ये पहिल्या सोळाच्या सोळा किक जाळ्यात गेल्या. सतरावी मेहताबची होती. ती गुरप्रीतने अडवली, आणि त्यानंतर बंगळुरूच्या संदेश झिंगनने गोल करून सामना संपवला. नवव्या क्रमांकाची किक घ्यायला चालत जाणाऱ्या खेळाडूच्या पायावर मागच्या सगळ्या अचूक किकांचे ओझे असते, आणि समोर भारताचा अनुभवी गोलरक्षक उभा होता. गुरप्रीतने ती चांगली अडवली, असे म्हणण्यात मुंबईच्या चाहत्याला कमीपणा वाटू नये. त्या पराभवातून सावरताना मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो प्रतिस्पर्ध्याचे श्रेय मोकळेपणाने मान्य करण्याचा, कारण तसे केल्यावर आपल्या माणसांत गुन्हेगार शोधण्याची गरज राहत नाही.

आपण कामठीत अनेक मुलांना पेनल्टी हुकल्यावर मैदानात गुडघ्यांवर बसलेले पाहिले असेल, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवणाऱ्यांपैकी आपण स्वतः असाल, अशी माझी खात्री आहे. बाकीच्या मुद्द्यांवर आपले मत वेगळे राहिले तरी चालेल, पण मेहताबविषयीचे ते एक वाक्य आपण मागे घ्यावे, ही विनंती आहे.

आपला स्नेहांकित