कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियमचा आरसा होत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: बुलेटचं इंजिन कव्हर काढा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवा, वर टूथपेस्ट घासा, आरसा तयार. कृपा करून करू नका.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम साफ करत नाही, खातो. फसाफसा बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, आणि हा वायू पेट घेतो. मळ सुटतोय असं वाटतं, पण सुटत असतो तो धातूच. कव्हर राखाडी, खरबरीत होतं, वर मिश्रधातूतल्या सिलिकॉन-तांब्याची काळी पूड बसते. हाताडोळ्यांना जपायचं ते वेगळंच.

चकाकी येते ती ओरखडे बारीक करत नेल्यानेच. कव्हरवर लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) असेल तर आधी पेंट रिमूव्हरने काढा. मग ओला वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर: 400, 600, 1000, 2000 (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक). नंबर बदलला की घासायची दिशाही बदला, म्हणजे आधीचे ओरखडे पुरते गेले का ते दिसतं. 400 चा एक जरी राहिला तरी बफ केल्यावर नेमका तोच उठून दिसतो, आणि पुन्हा मागे यावं लागतं. घाई होते ती इथेच. शेवटी कापडी बफ (मशीनवर फिरणारं कापडी चाक) आणि पॉलिशिंग कंपाउंड. फडकं काळंकुट्ट होईल. घाबरू नका, काम होतंय.

टूथपेस्ट? आधीच गुळगुळीत असलेल्या भागावर थोडी झळाळी देते, बस. बफ करताना मास्क हवाच, आणि शेजारी लोखंडावर ग्राइंडर नको: ॲल्युमिनियमची कोरडी धूळ ठिणगीने पेटते.