एका डोळ्याने पाहिलेला कान

कार्ल-ओलोफ नीलेन हे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसेल. ऑलिम्पिकच्या सुरुवातीच्या काळात स्वीडनकडून टेनिस खेळलेले हे गृहस्थ पुढे कानाचे शल्यचिकित्सक झाले आणि १९२१ साली स्टॉकहोममध्ये त्यांनी माणसावरील शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला. टेनिसने हात तयार झाला म्हणून कान जमला, असे म्हणण्याचा मोह होतो. मला मात्र ते पटत नाही. तयार हाताचे सर्जन तेव्हाही पुष्कळ होते. कमी पडत होती ती नजर.

मधल्या कानातले रिकीब हे हाड जेमतेम ३ मिलिमीटरचे, आणि चेहरा हलवणारी नस त्याच्या अगदी शेजारून जाते. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात कानातला पू मेंदूपर्यंत पोचून माणसे दगावत, त्यामुळे कानामागचे हाड छिन्नीने फोडून पू काढला की डॉक्टरांचे काम झाले असे समजत. ऐकणे वाचवण्याची गोष्ट फार पुढची होती. पोलादी गोळी दाबून धातूवर पडलेला खळगा मोजण्याच्या पद्धतीशी ज्या ब्रिनेल यांचे नाव जोडलेले आहे, त्यांच्याच नावाचा ब्रिनेल-लाइट्स सूक्ष्मदर्शक नीलेन यांनी कानासाठी बदलून घेतला, आधी प्राण्यांवर वापरून पाहिला आणि मग, जुनाट वाहत्या कानामुळे ज्यांच्या अंतर्कर्णाला भोक पडले होते अशा रुग्णांवर वापरला.

तो सूक्ष्मदर्शक एका डोळ्याने पाहायचा होता. पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा आणला आणि नीलेन यांचे यंत्र मागे पडले. सुधारणा मोठी होती, हे मान्यच. पण कानात सूक्ष्मदर्शकाने पाहता येते हे आधी कोणीतरी दाखवावे लागते, आणि ते श्रेय निःसंशय नीलेन यांचे आहे.

माझ्या वडिलांचा कान लहानपणापासून वाहायचा. गरम तेल आणि कापसाचा बोळा यांवर त्यांनी साठ वर्षे काढली. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. भरून आलेला, मोत्यासारखा करडा पडदा आणि त्यामागे हातोडीच्या हाडाची रेघ दिसली. नीलेन यांच्याविषयी नुकतेच वाचले होते, म्हणून मी एक डोळा मिटला. खोलपणा एकदम नाहीसा झाला. पडदा आणि हाड एकाच पातळीवर आले. नीलेन यांनी एवढ्याच दिसण्याच्या भरवशावर माणसाच्या कानात शस्त्र घातले होते.